सर्कशीतल्या हत्तीलाही पेन्शन हवी

आपल्या जुन्या गुरुजींना निवृत्तीनंतर पेन्शन मिळते. मग जन्मभर तंबूत स्टुलावर उभे राहून लोकांना हसवणाऱ्या हत्तीला का नको? माझ्या मते हवीच.

वाघ, सिंह, बिबळे, अस्वले व माकडे यांचे खेळ करण्यास सरकारने १९९८ साली बंदी केली. २००१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. काहीजण म्हणतात, "सोडा की मग जंगलात!" पण पिंजऱ्यात वाढलेल्या वाघाला शिकार कोण शिकवणार? तो उपाशी मरेल, नाहीतर गावातल्या शेळ्या उचलील. म्हणून अशा जनावरांना सांभाळणारी जागा लागते.

हत्तींसाठी तशी एक जागा मथुरेजवळ आहे. तिथे २०१५ साली आंध्रातल्या सर्कशीतून सुझी नावाची म्हातारी हत्तीण आणली. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, तोंडात दात नाहीत! तिला खाणे कुस्करून भरवीत. खेळ नाही, अंकुश नाही.

आता कोणी पालक विचारतील, "माणसांनाच पुरत नाही, हत्तीला रोज शंभर-दीडशे किलो चारा कुठला?" खर्च मोठा आहे खरा. पण विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस काढली, तेव्हापासून आपण टाळ्या वाजवीत आलो. ज्याने नांगर ओढला तो म्हातारा बैलही दावणीला वैरण खातोच ना? सर्कसवाल्यांनी, सरकारने नि तिकीट काढून बघणाऱ्या आपणही थोडी वैरण घालावी.

आणि तिथे पाहुणे आले म्हणून हत्तीला सोंड वर करायला लावू नये. तेही कामच झाले की!