रंग उजेडात पाहावा

वरणगावच्या बाजारपेठेत साडी पसंत पडली तरी गृहिणी लगेच पैसे मोजत नाही. साडी हातात घेऊन ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येते, पदर उजेडात धरते, बोटांनी पोत चाचपते आणि मगच होकार देते. दिव्याखाली एक भासलेला रंग बाहेरच्या उन्हात निराळाच निघतो. रेशमावर झळकणारी छटा सुतावर शांत होते. रंग, प्रकाश आणि पोत यांचे हे नाते व्यापारी घरांना शिकवावे लागत नाही. तरीही त्याच घरातील मुलाने केवळ रंगांचे चित्र काढले, की पहिला प्रश्न येतो, ‘यात दिसते तरी काय?’

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आयुष्यभर शोधले, ते चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील या मुलाचे बालपण मुंबईत गिरगावच्या चाळीत गेले. चित्रकलेला वडिलांचा विरोध होता. तरीही १९४८ मध्ये त्यांनी सर ज. जी. कला महाविद्यालयाची पदविका मिळवली. आरंभी ते माणसांच्या आकृती रंगवीत. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास करताना मात्र त्यांचे लक्ष आकृतींवरून रंगांच्या परस्पर प्रमाणाकडे वळले. कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांतील लाल पार्श्वभूमी आणि सोनेरी झळाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सहज उमगेल. तेथे कथा कळण्यापूर्वीच रंग मनाला भिडतो.

पुढे आकृती विरत गेल्या. १९५७ मध्ये टोकियोतील प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले आणि १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. परतल्यावर त्यांचे काम अधिकच संयत झाले. कुंचल्याऐवजी रोलर आणि रंगपट्टीची सुरी त्यांच्या हाती आली. कॅनव्हासवर रंगाचा थर द्यायचा, त्यावर कागदाचे फाटके तुकडे दाबायचे, ते उचलताना काही रंग सोबत निघू द्यायचा आणि उरलेल्यावर पुन्हा पातळ थर चढवायचा, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे प्रकाश चित्रावर बाहेरून पडल्यासारखा न वाटता आतून झिरपल्यासारखा वाटतो. हिवाळ्यातील पहाटे हतनूर धरणाच्या काठी उभे राहावे आणि धुक्यात पाणी कोठे संपते, आकाश कोठे सुरू होते, हे कळू नये, तसा काहीसा हा अनुभव आहे. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेही त्यांना रुचत नसे. ती ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत, असे ते मानीत.

वर्षाकाठी त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. बाकीचा काळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई. दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील लहानशा जागेत ते एकटे राहिले. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळणे थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, तर २०२१ मध्ये दुसऱ्या एका चित्राने जवळजवळ ४० कोटींचा आकडा गाठला.

बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाची नजर प्रथम या आकड्यांवरच खिळते. म्हणूनच एक कबुली द्यावीशी वाटते. नोकरीत असताना एका कापड व्यापाऱ्याने मला विचारले होते, ‘साहेब, मुलगा चित्रकलेच्या कॉलेजात जायचे म्हणतो, काय करावे?’ मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘छंद म्हणून ठीक आहे, पण उत्पन्नाचा भरवसा काय?’ मुलाचे एकही चित्र मी मागवून पाहिले नाही. तो दुकानात बसला आणि आज व्यवसाय उत्तम सांभाळतो. तो मोठा चित्रकार झालाच असता, असे मी म्हणणार नाही. पण कर्जदाराची कागदपत्रे पाहिल्याविना शेरा न मारणारा मी, त्या मुलाच्या बाबतीत न पाहताच शेरा मारून मोकळा झालो, हे शल्य आजही आहे.

आता कोणी म्हणेल, ‘चित्राला ४० कोटी मिळतात, तर मुलाला पाठवावे!’ वाचकहो, हीदेखील तीच चूक ठरेल. गायतोंडे यांनी जेव्हा थरावर थर चढवले, तेव्हा हा भाव त्यांच्यासमोर नव्हता. बाजाराने किंमत पुष्कळ नंतर ठरवली; मोल मात्र त्या वाट पाहण्यात आधीच साठलेले होते. आपल्या घरातील मूल एखादा रंगीत कागद पुढे करील, तेव्हा ‘यात काय दिसते?’ किंवा ‘यातून काय मिळेल?’ हे विचारण्याची घाई करू नये. साडी नेतो तसा तो कागद उंबऱ्यापाशी न्यावा, उजेडात धरावा आणि थोडा वेळ नुसता पाहावा. निर्णय त्यानंतर घ्यावा.