खेळण्यांची चाचणी होते, पण कुणाच्या मुलांच्या खेळण्यांची?

ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिला तास शिकवायचा नसतो, ऐकायचा असतो. कुणाला किती ईदी मिळाली, कुणी काय घेतलं, हे सांगून झाल्याशिवाय माझा चौथीचा वर्ग पुस्तक उघडत नाही. यंदा एका मुलीने दप्तरातून गुलाबी रंगाची मऊ प्लास्टिकची बाहुली काढली. "टीचर, सूंघो, कैसी बास आती!" हातात घेतली तर उग्र वास आणि बोटांना चिकटपणा. उलटीपालटी करून पाहिली. ना कंपनीचं नाव, ना पत्ता, ना आयएसआयचं चिन्ह. ईदगाहच्या रस्त्यावरच्या ठेल्यावरून चाळीस रुपयांना घेतलेली. घरी धाकटा भाऊ दिवसभर तिचा हात चघळतो, हेही तिने हसत हसत सांगितलं.

वास आला म्हणजे विषच आहे, असं नाही. पण वास नाही म्हणजे खेळणं सुरक्षित, असंही नाही. शिशाला वास नसतो, चवीवरूनही ते ओळखता येत नाही. म्हणून तर प्रयोगशाळा लागते.

खेळण्यात मुख्यतः दोन गोष्टींची भीती असते. पहिली जड धातूंची. लाल-पिवळ्या चकचकीत रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं. दुसरी थॅलेट नावाच्या रसायनांची. कडक प्लास्टिक मऊ करण्यासाठी ती घालतात आणि त्यातली काही शरीरातल्या हार्मोनच्या कामात अडथळा आणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेल्या शिशातून मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मूल शोषून घेऊ शकतं, आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. परिणाम होतो तो मेंदूवर. लक्ष लागत नाही, शिकण्याची क्षमता कमी होते. मागे पडलेल्या मुलाला आपण सरळ 'ढ' म्हणून मोकळे होतो. त्याच्या रक्तात काय आहे, हे कोण बघतं?

२०२० च्या युनिसेफच्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांतल्या एकाच्या, रक्तात चिंता वाटावी इतकं शिसं असल्याचा अंदाज दिला होता. हे सगळं खेळण्यांतून येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, घराचे रंग, भेसळीचे मसाले, काही सुरमे, अशी बरीच कारणं आहेत. पण खेळणं थेट तोंडात जातं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. बाकी कारखानदार असो, आयातदार असो की दुकानदार, चिन्हाशिवाय माल विकता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड.

चाचणीची पद्धतही समजण्यासारखी आहे. खेळण्यावरचा रंग खरवडतात आणि पोटातल्या आम्लासारख्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानाला, दोन तास ठेवतात. मुलाने तो तुकडा गिळला तर काय होईल, त्याचीच ही नक्कल. त्यात विरघळलेलं शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅमच्या वर गेलं की खेळणं नापास. थॅलेटची तपासणी वेगळी होते.

या सक्तीची गरजही दिसलेली होती. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून खेळणी घेऊन तपासली, तेव्हा आयात खेळण्यांपैकी सुमारे ६७ टक्के नापास ठरली होती. त्याआधी २०१० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २४ खेळणी तपासली, तर सगळ्यांत थॅलेट सापडलं.

मग पुढे काय झालं? आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि नंतर ७० टक्के झालं. २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली, असं सरकारने अभिमानाने सांगितलं. चांगली गोष्ट आहे. आपल्या लोकांना काम मिळालं तर कुणाला नको आहे? पण हे आकडे व्यापाराचे आहेत. मुलाच्या तोंडात जाणारं खेळणं किती सुधारलं, हे त्यातून कळत नाही. देशी प्लास्टिक चिनी प्लास्टिकपेक्षा आपोआप पाक होत नाही.

छापे पडतात. २०२३ च्या सुरुवातीला मानक ब्युरोने मोठमोठ्या दुकानांतून, विमानतळ आणि मॉलमधून चिन्हाशिवायची १८ हजारांहून जास्त खेळणी जप्त केली. पण आमच्या मुलांची खेळणी मॉलमधून येत नाहीत. ती येतात उरुसातून, आठवडी बाजारातून, शाळेच्या फाटकासमोरच्या ठेल्यावरून. प्रयोगशाळा तिथे कधी पोचते? म्हणजे चाचणी आहे ती महागड्या खेळण्याला, आणि चाळीस रुपयांच्या बाहुलीला नशीब.

इथे एक सावधगिरी. याचा अर्थ उद्या पोलिसांनी ठेलेवाल्याला दांडा दाखवावा, असा नाही. तो बिचारा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारातून गोणीने माल आणतो. त्यात काय मिसळलंय, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याचीही मुलं त्याच खेळण्यांशी खेळतात. पकडायचं असेल तर गोणी भरणाऱ्याला पकडा.

त्या मुलीच्या अम्मीला मी बोलावून समजावलं. तिने शांतपणे विचारलं, "टीचर, चालीस रुपये में दूसरा क्या मिलता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न तिचा एकटीचा नाही, आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणंही बरोबर नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मानक ब्युरो आणि राज्य सरकारने दर वर्षी जत्रा, उरूस आणि आठवडी बाजारातून स्वस्त खेळण्यांचे नमुने उचलावेत, तपासावेत आणि निकाल मराठी-उर्दूत जाहीर करावेत. छोट्या कारखान्यांना चाचणी परवडेल अशी सोय करावी. युरोपने २०२५ मध्ये नियम आणखी कडक केले. तिथे पुढे प्रत्येक खेळण्याला डिजिटल पासपोर्ट असणार आहे. आपण निदान बाजारातल्या ठेल्यापर्यंत तरी जाऊ.

तोपर्यंत घरी एवढं करा. खेळण्यावर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. चिन्ह खोटंही असू शकतं, म्हणून तो क्रमांक 'बीआयएस केअर' या मोफत मोबाइल ॲपमध्ये टाका. खरा असेल तर कंपनीचं नाव समोर येतं. रंगाचे पोपडे निघणारं, उग्र वासाचं, चिकट खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. जेवणाआधी मुलांचे हात धुवा. आणि पैसे कमी असतील तर घरच्या सुती कापडाची बाहुली शिवा. आमच्या नानी-दादींनी तेच केलं होतं.