ओटीपी देण्याआधी राउटर तपासा

नवी फायबर जोडणी घेताना आपण वेग विचारतो, महिन्याचे भाडे विचारतो, सोबत कोणते ओटीटी मिळते तेही विचारतो. राउटर सुरक्षित बसवला का, हे मात्र विचारायचे राहून जाते. घरात बसवलेल्या या यंत्राचा दुसऱ्यांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. म्हणून त्याची जोडणी ही खासगी बाब मानणे आता सोडून द्यायला हवे. घरमालक, इंटरनेट कंपनी आणि सोसायटी या तिघांनी ही जबाबदारी वाटून घ्यावी, यासाठी हे मुद्दे.

१. उघड्या वायफायची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे.
२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरात. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वायफाय उघडे होते आणि ते वापरून कुणीतरी ईमेल पाठवून निघून गेले होते. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधील एका कंपनीचे वायफाय असेच वापरले गेले. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी शहरातील उघडी वायफाय शोधण्याची मोहीम हाती घेतली, दूरसंचार विभागानेही इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. तपास सुरू होतो तो ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारापासून. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची जोडणी स्वतःच्या नावावर ठेवणाऱ्या मालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे आणि भाडेकरू बदलला की पासवर्डही बदलावा.

२. हल्लेखोराला आपल्या इमारतीखाली यावेच लागते असे नाही.
२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याचे हत्यार साधे होते : कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी. ज्यांनी ते बदलले नव्हते त्यांची यंत्रे नकळत त्याच्या फौजेत दाखल झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या माऱ्यामुळे अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. ब्राझीलमध्ये त्याआधीच, २०११-१२च्या सुमारास, सुमारे ४५ लाख मोडेममधील पत्ते शोधण्याची सेटिंग परस्पर बदलली गेली होती. ग्राहक बँकेचा पत्ता बरोबर टाइप करत आणि समोर उघडे ते बनावट पान. असा राउटर घरात असेल, तर कितीही सावध माणूस फसू शकतो.

३. चूक होते ती जोडणीच्या त्या अर्ध्या तासात.
तंत्रज्ञ येतो, शाफ्टमधून वायर ओढतो, भिंतीला भोक पाडतो, राउटर टीव्हीमागे ठेवतो. मग विचारतो, “नाव काय ठेवू? पासवर्ड मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील.” वायफायच्या नावात फ्लॅटचा क्रमांक आणि आडनाव येते, पासवर्डात आपला दहा आकडी मोबाइल नंबर. तो नंबर सोसायटीच्या यादीत आहे, गेटवरच्या वहीत आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. तो माहीत नसला तरी फारसे अडत नाही. आपला फोन वायफायला जोडला जाताना होणारी सांकेतिक देवाणघेवाण टिपून घेतली, की पुढचे अंदाज घरी बसून लावता येतात. भारतातील मोबाइल नंबर ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. गेमिंगच्या संगणकातील ताकदवान ग्राफिक्स कार्डाला तेवढ्या तपासायला काही तास पुरतात.
आणि हा झाला फक्त वायफायचा पासवर्ड. राउटरच्या आत शिरून सेटिंग बदलण्याचा दुसरा पासवर्ड असतो, अ‍ॅडमिनचा. त्याचा विषयच निघत नाही. तो कारखान्यातून आला तसाच राहतो, किंवा फक्त तंत्रज्ञाला ठाऊक असतो.

४. ग्राहकाच्या हातात एक हक्काचा क्षण आहे.
बहुतेक कंपन्यांत काम पूर्ण झाल्याची नोंद ग्राहकाने ओटीपी सांगितल्यावरच होते. तो आकडा सांगण्याआधी या पाच गोष्टी समोर करून घ्याव्यात :
• अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा. तो आपण स्वतः टाइप करायचा आणि घरच्या वहीत लिहून ठेवायचा.
• वायफायला डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडायची, जुनी उपकरणे असतील तर एईएससह डब्ल्यूपीए-२. पासवर्ड परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा असावा. वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर नको.
• डब्ल्यूपीएस (पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करायचे. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. ही उणीव २०११ मध्येच जाहीर झाली आहे.
• राउटरची सेटिंग बाहेरून, इंटरनेटवरून उघडता येते का, हे विचारून ती सोय बंद करायची. देखभालीसाठी कंपनीला ती हवी असेल, तर फक्त कंपनीपुरती मर्यादित ठेवायला सांगायचे.
• राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यायचे आणि पुढची अपडेट आपोआप होतील असे ठेवायचे.
एवढ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. घरात एकटे राहणारे ज्येष्ठ असतील, तर त्या वेळी विश्वासातला कुणी सोबत बसावा.

५. तंत्रज्ञाला दोष देऊन भागणार नाही.
तो बहुधा कंत्राटदाराचा माणूस असतो. दिवसभरात किती जोडण्या झाल्या यावर त्याची कमाई ठरते, पासवर्ड बदलण्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. म्हणून हे काम कंपनीने जोडणीच्या ठरलेल्या टप्प्यांत घालावे आणि त्याचा वेळ धरून मोबदला द्यावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन घरगुती उपकरणे विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे दूरसंचार उपकरणांची सक्तीची तपासणी आणि प्रमाणन होते. पण तपासलेले यंत्रही मोबाइल नंबरच्या पासवर्डाने बसवले, तर तपासणीचा उपयोग काय? यंत्राबरोबरच जोडणीचीही पद्धत ठरवून देणे, हे दूरसंचार विभागाचे काम आहे.

६. सोसायटीचे स्वतःचे घर आधी नीट हवे.
लॉबीतले कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर, गेटवरचे टॅब हे सारे सोसायटीच्या राउटरवर चालते. त्याचा पासवर्ड वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवलेला दिसतो आणि वॉचमन बदलला तरी तोच राहतो. या कॅमेऱ्यांत आपल्या मुलांच्या येण्या-जाण्याच्या वेळा नोंदल्या जातात. त्यांच्यासाठी वेगळे नेटवर्क हवे, आणि पासवर्ड कुणाकडे आहेत याची नोंद सचिवांकडे हवी. शाफ्टमधल्या इंटरनेटच्या पेट्यांना कुलूप हवे. गच्चीवरून इमारती-इमारतींत ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबल काढायला लावाव्यात, कारण वळवाच्या विजांचा झटका त्यांच्यातून थेट घरातल्या यंत्रांपर्यंत येऊ शकतो.

७. शेजारधर्म पाळायलाही सुरक्षित वाट आहे.
“शेजारच्या मुलाला अभ्यासाला नेट दिले तर बिघडले कुठे?” असे विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. त्यांनी जरूर द्यावे. बहुतेक नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढता येते. त्यातून इंटरनेट मिळते, पण घरातल्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. नेट वापरणारा कोण, हे मात्र आपल्याला ठाऊक हवे. वस्तीपातळीवर स्वस्त वायफाय द्यायचे असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तीत किराणा दुकानदारही सार्वजनिक वायफाय चालवू शकतो आणि वापरणाऱ्याची ओळख पटवली जाते.

८. वार्षिक सभेत मांडण्यासाठी ठराव.
गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. यंदा पार्किंग आणि पाण्याच्या टाकीबरोबर हाही विषय घ्यावा : “संस्थेच्या आवारात जोडणी देणाऱ्या प्रत्येक इंटरनेट कंपनीने वरील पाच गोष्टी सभासदासमोर पूर्ण करून त्याची सही घ्यावी. तसे लेखी मान्य करणाऱ्या कंपनीलाच शाफ्ट वापरण्याची परवानगी द्यावी. संस्थेच्या राउटरची तपासणी दरवर्षी करून अहवाल सभेपुढे ठेवावा.” शाफ्टची परवानगी सोसायटीच्या हाती आहे आणि त्या परवानगीशिवाय कंपनीची वायर वर जात नाही. एकट्या ग्राहकाचे म्हणणे कॉल सेंटरमध्ये अडकते, दोनशे घरांचा ठराव कंपनीला वाचावाच लागतो. तो मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरेसा आहे.