हुरडा बारमाही करू नका

कृषी पर्यटनाच्या एका प्रशिक्षणात मला सल्ला मिळाला, "ताई, सहा आठवड्यांवर धंदा होत नसतो. हुरडा फ्रीजरमध्ये ठेवा, शेततळ्यात बोट सोडा, रेन डान्स लावा. बाराही महिने गिऱ्हाईक येईल." सांगणारे शिकलेले होते, पोटतिडकीनं बोलत होते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग पेरायचं कोणी? बोटीनं?"

सासूबाईंच्या या प्रश्नाला त्या वहीत उत्तर नाही. आमची शेती परभणी तालुक्यात, दुधनेच्या बाजूला. काळी, खोल जमीन. उन्हाळ्यात भेगांमध्ये अख्खा पाय जातो. अशा जमिनीत पावसाळ्याची ओल धरून ठेवलेली असते आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी येते. त्या ज्वारीचा दाणा काही दिवसच हुरड्याचा असतो. नखानं दाबला तर दूध उडायला नको, दाताखाली टणक लागायला नको. एका तुकड्यात ही अवस्था आठ-दहा दिवस टिकते, थंडी चांगली असली तर थोडी जास्त. म्हणून आम्ही एकदम पेरत नाही. एक तुकडा आधी, आठवड्यानं दुसरा, मग तिसरा. गुळभेंडी आणि सुरतीचं बियाणं घरचं, आत्याबाईंनी मडक्यात राखेत ठेवलेलं. भाकरीसाठी कृषी विद्यापीठाची परभणी मोती. विद्यापीठानं हुरड्यासाठी म्हणून परभणी वसंत हे वाणही दिलं आहे, त्याच्याही दोन ओळी असतात. एवढी कसरत केली की हंगाम ताणून ताणून सहा आठवड्यांचा होतो. त्यापुढे ताणायचा तर ज्वारी सोडून दुसरंच काहीतरी विकावं लागेल.

आणि तो सहा आठवड्यांचा हंगामही कॅलेंडर बघून येत नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी पाहिलं. नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या, सोयाबीन उभ्या जागी सडलं. रान वापशावर यायलाच उशीर लागला, तर तिफण कशी घालायची? पेरणी लांबली, हुरडा संक्रांतीच्या पुढे गेला. नाताळच्या सुट्टीसाठी फोन करणाऱ्यांना मी नाही म्हणत होते. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "पैसे देतोय ना आम्ही?" पैशानं दाणा भरत असता तर मालकांनी बँकेतून कर्ज काढून भरला असता.

पैसे घेण्याबद्दल मात्र माझ्या मनात काही संकोच नाही. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मनात आहे. त्यांच्या उमेदीत वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून आगटीशी बसवायचे. हुरडा विकतात हे ऐकून ते पहिल्या वर्षी माझ्याशी बोलत नव्हते. अजूनही पायी जाणारा कोणी दिसला की कणसांची पेंडी त्याच्या हातात ठेवतात, आणि ते मला मान्य आहे. पण गाडीतून येणाऱ्याकडून माणशी चारशे रुपये मी घेते, कारण हिशोब सरळ आहे. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. त्या भावात राखण, काढणी, मळणी आणि वाहतूक बसवून दाखवावी कोणीतरी. बसत नाही म्हणूनच शिवारातली ज्वारी हटली आणि कापूस, सोयाबीन आलं. आमच्याकडे ज्वारी अजून उभी आहे ती हुरड्याच्या पैशावर.

त्या चारशेत काय काय असतं हे पाहुण्यांना दिसत नाही. कणसं पहाटे दवात खुडायची, उन्हात खुडली तर गोडी उतरते. गोवऱ्या दिवाळीपासून झाकून ठेवायच्या. खड्ड्यात आगटी पेटवून आर पडला की भाऊजी कणसं त्यात खोचतात आणि सारखी फिरवत राहतात. खरं कसब त्यानंतर आहे. आत्याबाई आरातलं कणीस उचलतात, राख झटकतात, देठ डाव्या मुठीत धरतात आणि उजव्या तळव्यानं असं चोळतात की हिरवे दाणे सुपात सांडतात आणि बोंडं हातातच राहतात. मग एक फुंकर, फोलपट उडालं. कणीस गरम असतानाच चोळावं लागतं. गार झालं की दाणा चिकटून बसतो. पाहुण्यांतला एखादा हौसेनं चोळायला घेतो आणि दुसऱ्याच कणसाला "हाय हाय" करत तळवा ताकाच्या ग्लासाला लावतो. जाऊबाईंच्या हातच्या चटण्या वेगळ्याच: जवसाची, कारळाची, शेंगदाण्या-लसणाची. सोबत गूळ, दही, गोडी शेव, हरभऱ्याचे टहाळ, बोरं. बांधावरच्या लाल भोपळ्याच्या घाऱ्या दुपारच्या जेवणात. भोपळ्याला बाजारात कोणी विचारत नाही, इथे मात्र घाऱ्या पहिल्यांदा संपतात.

यातलं बहुतेक काम बायांचं आहे, त्यामुळे हुरड्याचे पैसे जाऊबाईंच्या आणि माझ्या खात्यावर जमा होतात. ही अट मीच घातली होती. भाऊजी अधूनमधून चेष्टा करतात, पण आगटीपाशी मजुरी मागायला येतात.

आता पाखरांचं सांगते. एवढं मोठं नुकसान, पण प्रशिक्षणात यावर चकार शब्द निघाला नाही. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची. पोपट, चिमण्या, साळुंक्या यायच्या, पण सगळ्यांच्या रानात वाटल्या जायच्या. प्रत्येकाचं थोडं थोडं जायचं. आता चहूबाजूंनी कापसाच्या पऱ्हाट्या आणि हरभरा, मध्ये आमचे तीन तुकडे. अख्ख्या पंचक्रोशीतले थवे आमच्याकडे. ज्वारी जितकी कमी होते तितकी उरलेली राखणं महाग होतं, आणि राखण परवडेना म्हणून शेजारी आणखी एक जण पेरायचं सोडतो. या चक्रात आम्हीही कधी अडकू सांगता येत नाही. गोफण मारणारी पोरं आता शाळेत असतात, असायलाच हवीत. माळ्यावर मामा बसतात, डबा वाजवतात. गुळभेंडी गोड म्हणून माणसांना आवडते, पोपटांना त्याहून जास्त.

शासनाचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, हे चांगलंच झालं. पण नोंदणीला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर घरोघरी सासऱ्याचं नाव. पाहुण्यांचे फोन घेणारी, ताटं मोजणारी सून कागदावर कुठे नाही. धोरणाबद्दल बोलताना खोल्या, पार्किंग, सेल्फी पॉइंट यांचीच चर्चा होते. माझं मागणं साधं आहे. एकाच शिवारात चार-पाच जणांनी मिळून ज्वारी पेरली तर त्यांना राखणीला आणि जाळ्यांना मदत द्या, म्हणजे पाखरंही वाटली जातील. शेताला जाणारा पाणंद रस्ता डिसेंबरच्या आत मुरूम टाकून चालता करा. आणि बायांसाठी संडास बांधायला चार पैसे द्या. तो आम्ही स्वतः बांधला तेव्हाच बायका-लेकरांसह कुटुंबं यायला लागली, त्याआधी नुसते मित्रांचे घोळके यायचे, स्पीकर घेऊन. आता स्पीकर गाडीतच ठेवायचा, असा फलक आहे. काही जण तो वाचून परत गेले. जाऊ द्या.

माझ्या मावसभावाचा मुलगा अमेरिकेत इलिनॉयला असतो. तिकडे भोपळे अमाप पिकतात. ऑक्टोबरात शहरातली माणसं लेकरं घेऊन शेतावर जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात, वेलावरून भोपळा निवडून विकत घेतात. त्यानं फोटो पाठवले होते. मी त्याला विचारलं, नोव्हेंबरात काय असतं तिथे? म्हणाला, "काही नाही आत्या, गेटला कुलूप." मला ते फार पटलं. लोकांना ठाऊक असतं की आता गेलो नाही तर पुढच्या वर्षीच, म्हणून जातात. आमच्याकडेही नांदेडचं एक कुटुंब दर पौषात येतं. त्यांच्या आजोबांची परभणीला बदली झाली होती तेव्हा "बनी तो बनी, नहीं तो परभनी" असं म्हणत नाखुशीनं आले होते म्हणे. आता हुरड्याला पहिला फोन त्यांचाच असतो. फ्रीजरमधल्या हुरड्याला ते जुलैत आले असते का? आले असते तरी दुसऱ्यांदा आले नसते.

उरलेले दहा महिने आम्ही रिकामे बसत नाही, हेही सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कणसं खुडलेली हिरवी ताटं म्हशींना जातात, त्या दिवसांत दूध वाढतं. मग राहिलेली ज्वारी, हरभरा, पुढे नांगरट, खरीप. पाहुणे बाराही महिने आले तर त्यांना दाखवायला शेत राहणार नाही, नुसतं आवार राहील. बोट आणि कारंजं बघायला शहरात बागा आहेत, त्यासाठी दुधनेच्या काठाला यायची गरज नाही.

तेव्हा आमचा हुरड्याचा फलक माघ सरता सरता उतरेल. त्यानंतरही ज्यांना यायचंच आहे त्यांनी ज्वारी उपटायला यावं. पहाटे पाचला सुरू करतो, कारण ऊन वर आलं की ताटं हाताला कापतात. जेवण आमच्याकडे, पैसे घेणार नाही.