कंपवात वाढला की मेंदूच्या बारीक नसा बिघडल्या? बुलढाण्यातल्या पेशंटसाठी हा फरक का महत्त्वाचा आहे?

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस भराभर गळायला लागले. जानेवारीत तर आयसीएमआरचं पथक बुलढाणा जिल्ह्यात दाखल झालं. चार दिवसांत टक्कल पडलं की बातमी होते. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पावलं वर्षभरात आखूड होत गेली, तर "वय झालं" म्हणून विषय संपतो.

यातल्या काहींना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात असतो. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या ब्रिटिश डॉक्टरने या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हात थरथरणं, अंग ताठरणं, हालचाल मंदावणं सुरू होतं. लेवोडोपाची गोळी ही कमतरता बऱ्यापैकी भरून काढते.

मग एकाच गोळीवर असलेला एक पेशंट पाच वर्षांनीही वावरात जातो आणि दुसरा बाजेवरून उठत नाही, असं का? कारणं अनेक असतात. त्यातलं एक म्हणजे मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा आजार.

ठिबक वापरणाऱ्याला हे लगेच कळेल. मोटर चालू, मेन लाइन धडधाकट, पण ड्रिपर चोकअप झाले की ओळीतली झाडं सुकतात. बीपी, शुगर, तंबाखू आणि वय यांमुळे मेंदूतल्या बारीक वाहिन्या जाड आणि अरुंद होतात. लकव्याचा झटका न येताही आतलं नुकसान चालूच राहतं. एमआरआयमध्ये ते पांढऱ्या डागांसारखं दिसतं. रिपोर्टात बरेचदा 'वयोमानानुसार बदल' एवढंच लिहिलेलं असतं आणि घरचे तो कागद पिशवीत ठेवून देतात.

असे डाग जास्त असलेल्या पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये चाल, तोल आणि विचारशक्ती जास्त बिघडलेली असते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. सगळ्याच अभ्यासांत हा संबंध सारखा घट्ट नाही, हेही खरं. कधीकधी तर पार्किन्सन्स नसतोच, नुसत्या या वाहिन्यांमुळे तशी चाल होते. तेव्हा हात चांगले चालतात, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि लेवोडोपाचा फारसा उपयोग होत नाही. घरच्यांना वाटतं, डोस वाढवायला हवा.

डोपामिनच्या मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, बीपी मात्र आटोक्यात ठेवता येतं. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासात वरचं बीपी १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट असलेल्या गटात हे पांढरे डाग कमी वाढले. हा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. तो अभ्यास पार्किन्सन्सच्या पेशंटवरचा नव्हता.

बुलढाण्यात बीपीचा विषय आणखी गंभीर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागातल्या किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. किडनी बिघडली की बीपी वाढतं आणि बीपी वाढलं की किडनी आणखी बिघडते. मेंदूसारखंच किडनीचं कामही बारीक रक्तवाहिन्यांवरच चालतं.

पण म्हणून बीपीची गोळी वाढवा, इतकं ते सोपं नाही. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली येऊ शकतं. लेवोडोपानेही ते उतरतं. झोपलेल्या माणसाचं १६० भरतं, तोच उठून मोरीकडे निघाला की ११० होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडून खुबा मोडतो. नेहमीच्या तपासणीत खुर्चीवर बसवून एकदाच बीपी घेतात. त्यात हे सापडत नाही.

बुलढाण्याचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये सुरू झालं, तरी मेंदूच्या डॉक्टरसाठी लोक अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि एमआरआयचा खर्च बघून पुढची फेरी लांबत जाते. बीपीचं मशीन आणि अमलोडिपिनची गोळी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

तिथली सिस्टरही ही तपासणी करू शकते. पेशंटला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर गोळीची वेळ आणि डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, घरी परस्पर बदल करायचा नाही. तिन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून अकोल्याला जाताना फाइलमध्ये, त्या एमआरआयच्या रिपोर्टसोबत ठेवायचे.