कंदिलातले घासलेट कोठे गेले?

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा कित्येक वस्त्यांनी दोन-दोन रात्री अंधारात काढल्या. इन्व्हर्टरवाल्यांचे निभावले, चाळीतल्या कामगाराने काय पेटवावे? आज फळीवर कंदील असला तरी त्यात घालायला घासलेट नाही. घरात गॅस आला म्हणून रेशनचे घासलेट बंद झाले; मार्च २०२० पासून तर केंद्राने त्यावरील अनुदानच शून्यावर आणले. गॅसच्या शेगडीने रात्री घर उजळते काय? कंदिलाचा धूर बंद खोलीत घातकच, त्याची भलामण आम्ही करीत नाही. परंतु पर्याय देण्याआधी गरिबाच्या हातची बाटली काढून घेणे, ही कसली प्रगती? पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शिधापत्रिकेवर सौरकंदील द्या. तोवर दोन लिटर घासलेट तरी द्या.