माशी, मासा आणि पिसाचा पत्ता

गळाचे आमिष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गांडूळ, कोळंबी नाहीतर कणकेची गोळी येते. नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला आमिष देखणे असावे असे कधी वाटलेले नाही. माशाला ते रुचले की काम भागले. पण ब्रिटन आणि आयर्लंडच्या नद्यांवर सॅमन मासा धरणाऱ्या हौशी मंडळींनी एकोणिसाव्या शतकात या आमिषाचा असा काही दागिना घडवला, की आज तो पाण्यात न जाता काचेच्या चौकटीत भिंतीवर विराजमान होतो. त्याला इंग्रजीत ‘फ्लाय’, म्हणजे सरळ आपली ‘माशी’च म्हणतात. या माशा बांधणारे हौशी कारागीर आज अनेक देशांत आहेत. त्यांतल्या काहींनी तर आयुष्यात कधी मासाही धरलेला नाही.

काम मोठे चिकाटीचे. दोन-तीन इंचांचा गळ टेबलावरच्या पकडीत घट्ट बसवायचा, त्याच्या दांडीवर रेशमाचे वेढे घ्यायचे, त्यावर जर गुंडाळायची आणि मग एकेक पीस बांधत जायचे. सर्वांत अवघड ते पंख. पिसाच्या प्रत्येक तंतूला सूक्ष्म आकडे असतात आणि त्यांच्या आधाराने तंतू एकमेकांना धरून राहतात. म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या पिसांतले तंतू शेजारी ठेवून बोटांनी हलकेच सारखे केले, की ते जुळून त्यांचे एकच अखंड रंगीत पीस होते. कारागीर याला पिसांचे ‘लग्न लावणे’ म्हणतात! अशी एक माशी पुरी व्हायला कित्येक तास लागतात. पैठणीच्या पदरावरचा मोर विणताना लागतो तोच धीर इथेही लागतो.

गंमत अशी, की समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत परतलेला सॅमन खाणे जवळजवळ सोडूनच देतो. तो आमिषावर झडप का घालतो, याबद्दल जाणकारांत वाद आहेत; पण त्यासाठी अमुकच दुर्मीळ पक्ष्याचे पीस हवे, असा त्याचा हट्ट नाही. हट्ट माणसाचा. जॉर्ज केल्सन या गृहस्थाने १८९५ मध्ये ‘द सॅमन फ्लाय’ हा ग्रंथ लिहिला. त्यात सुगरणीने मसाल्याचे प्रमाण द्यावे तशी प्रत्येक माशीची पिसे नेमून दिलेली आहेत. त्या काळच्या अशा कृतींत ‘इंडियन क्रो’चे पीस वारंवार येते. हा पक्षी भारतातला नाही आणि कावळाही नाही. तो राहतो दक्षिण अमेरिकेत. आपला खरा संबंध येतो तो रानकोंबड्याशी. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपकेदार, मेण लावल्यासारखी चमकणारी पिसे या माशांच्या गालावर ‘डोळा’ म्हणून बसवली जातात.

ही पिसे लंडनच्या बाजारात येत ती साम्राज्याच्या जहाजांतून. बायकांच्या टोप्यांसाठी तर त्या काळी पक्ष्यांची सर्रास कत्तल चाले. ब्रिटिश हिंदुस्थानातून पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली, ब्रिटनने १९२१ मध्ये आयातीवर कायदा केला आणि १९७३ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. पिसे दुर्मीळ झाली, तशी हाव वाढली. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या निसर्ग संग्रहालयातून एका तरुण संगीत विद्यार्थ्याने पक्ष्यांची २९९ जतन केलेली कातडी पळवली. तो स्वतः माशा बांधण्यात निष्णात होता! चोरीच्या मालात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेले पक्षीही होते. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली ती बारा महिन्यांची, तीही स्थगित.

कातडी काही प्रमाणात परत मिळाली, पण त्यांतल्या अनेकांच्या पायाला बांधलेली चिठ्ठी नाहीशी झाली होती. पक्षी कुठे, केव्हा मिळाला हे त्या चिठ्ठीवर असते. जुन्या पिसांतला पारा मोजून समुद्र कसा दूषित होत गेला हे शास्त्रज्ञ सांगू शकतात; पण पीस कोणत्या सालचे हेच कळले नाही तर काय सांगणार? चिठ्ठी गेली की उरते ते केवळ रंगीत पीस.

अस्सल पिसांचा आग्रह धरणारे म्हणतात, की कृती जुनी असेल तर साहित्यही जुनेच हवे. जुन्या टोप्यांवरची पिसे कायदेशीर मार्गाने मिळवून कोणी वापरली, तर त्याला मी नावे ठेवणार नाही. पण मूळ पिसावाचून कलाच उणी पडते, हे मला मान्य नाही. अनेक उत्तम कारागीर आज टर्की आणि बदकाची पिसे रंगवून तीच माशी बांधतात. रानकोंबड्याची पिसेही परदेशात पाळलेल्या पक्ष्यांपासून मिळतात. आपल्याकडे सतारीची घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करीत. आता कृत्रिम पदार्थांचीही करतात. म्हणून यमन काही कोमेजला नाही. सुंदर आणि दुर्मीळ यांतला फरक विसरला, की कलावंताचा संग्राहक होतो आणि संग्राहकाचा कधी कधी चोर.

ही कला बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही. दूरचित्रवाणीपुढे खिळलेल्या डोळ्यांना आणि रिकाम्या बोटांना असे काम हवेच आहे. मागणे एवढेच, की प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक माशीखाली कारागिराच्या नावाबरोबर पिसाचा पत्ताही लिहावा : पीस कोणत्या पक्ष्याचे, कुठून आले, की रंगवलेले आहे. ज्याला हा पत्ता उघडपणे लिहिता येईल, त्याच्या माशीला खुशाल पहिले बक्षीस द्यावे.